जांभळाचे बी थांबत नाही : सामाजिक वनीकरण विभाग आणि शहरांच्या उद्यान विभागांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्याचा सामाजिक वनीकरण विभाग, तसेच सर्व महानगरपालिका व नगरपरिषदांचे उद्यान विभाग यांस,

विषय : जांभूळ व इतर स्थानिक सदाहरित झाडांची रोपे ताज्या बियांपासून वाढवण्याबाबत

महोदय, महोदया,

जुलैचा पहिला आठवडा आला की राज्यभर वनमहोत्सव साजरा होतो. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये देशभर सुरू केलेल्या या प्रथेला महाराष्ट्राने मोठे रूप दिले : २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी रोपांचा संकल्प झाला आणि पुढच्या तीन वर्षांत चार, तेरा आणि तेहतीस कोटींची उद्दिष्टे ठरली. त्यातली किती रोपे जगली, यावर वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातही बरीच चर्चा झाली व ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न आपल्यापुढे मांडायचा आहे. ट्रकमधून जी रोपे खड्ड्यापर्यंत पोहोचतात, ती त्याच जातींची का असतात? गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहोर, काशिद, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची रोपे हजारोंनी मिळतात आणि जांभूळ, अंजनी, कोकम, सीताअशोक यांची मागितली तर मोजकी हाती लागतात, याचे कारण काय?

इच्छेचा अभाव हे त्याचे कारण आहे असे मला वाटत नाही. रोपवाटिकांमध्ये राबणाऱ्या माणसांना स्थानिक झाडांविषयी मनापासून आस्था असते, हे मी जवळून पाहिले आहे. खरे कारण बियांमध्ये आणि कार्यालयीन वेळापत्रकामध्ये आहे. सुबाभूळ, बाभूळ, गुलमोहोर यांचे बी कठीण कवचाचे आणि कोरडे असते. ते पोत्यात भरून ठेवता येते, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, मंजुरी आली की पेरता येते आणि नाही आली तर पुढच्या वर्षापर्यंत राखताही येते. जांभळाच्या बीला यातले काहीच चालत नाही. ते ओले असेपर्यंतच जिवंत असते. वाळले की मरते, आणि साध्या साठवणुकीत साधारण दोन आठवड्यांत त्याची उगवण्याची ताकद संपत जाते. आंबा, फणस आणि कोकम यांचेही तसेच आहे. म्हणजे मार्चअखेरीच्या खर्चाभोवती, निविदांभोवती आणि साठ्याच्या नोंदवहीभोवती आखलेली बियाणे-व्यवस्था आपोआपच सदाहरित झाडांना वगळते. कोणी ठरवून वगळत नाही, पण परिणाम तोच होतो आणि तो डोंगरावर पुढची शंभर वर्षे दिसत राहतो.

जांभळाचे बी असे उतावळे का, हे झाडाखाली उभे राहिले की उमगते. फळ पिकते ते ज्येष्ठात, वळीव पडून गेल्यावर आणि मृगाच्या पावसाच्या तोंडावर. जमीन ओली असते, हवा दमट असते, पुढे चार महिने पाऊस असतो. अशा वेळी जमिनीवर पडणाऱ्या बीला वाट पाहण्याची गरजच नसते. पडल्यावर दहा-पंधरा दिवसांत त्याला कोंब फुटू लागतात, आणि बहुधा एकाच बीतून दोन-तीन, कधी चारही. पावसाळ्याच्या सुरुवातीला जुन्या जांभळाखालचा पालापाचोळा हलक्या हाताने बाजूला केला, तर तांबूस कोवळ्या पानांच्या रोपट्यांची दाटी दिसते. यातली बहुतेक रोपे सावलीत खुरटून मरतात. जी जगायची, ती मुख्यतः झाडापासून दूर नेऊन टाकलेल्या बियांचीच जगतात, आणि तिथे प्राण्यांचा आणि झाडाचा व्यवहार सुरू होतो.

हा व्यवहार नीट समजून घेतला, तर एका जांभळाच्या रोपावर होणारा खर्च कोणाकोणासाठी होतो हे कळेल, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

उत्तर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी तीन झाडांवरून ओळख दिली आहे : अंजनी, जांभूळ आणि पिसा. महाबळेश्वर, भीमाशंकर, कोयनेच्या वरचा भाग इथे हे त्रिकूट जंगलाचा कणा आहे. जांभूळ घाटमाथ्यावर थांबत नाही. ओढ्यांच्या, नद्यांच्या काठाने ते कोकणात उतरते आणि देशावरच्या पानगळीच्या जंगलातही शिरते. फाल्गुन-चैत्रात सावर, पळस, पांगारा, साग यांच्या फांद्या उघड्या पडतात आणि डोंगर करडा दिसू लागतो. त्या दिवसांत ओढ्याकाठची जांभळाची हिरवी रांग तेवढी शिल्लक असते. उन्हाची काहिली टाळणारे पक्षी, वानरे, दिवसा झोपणारी घुबडे तिच्याच आसऱ्याला येतात. जांभूळ आपली पाने एकदम टाकत नाही, थोडी थोडी टाकत राहते. त्यामुळे त्याच्या तळाशी पाचोळ्याचा ओलसर थर वर्षभर टिकतो आणि त्यात गोगलगायी, बेडूक, गांडुळे यांचे चालते.

फुलोरा येतो तो ऐन उन्हाळ्यात. पानांच्या खालच्या, जुन्या फांद्यांवर बारीक कळ्यांचे झुबके लागतात. कळी उमलताना पाकळ्यांची टोपी गळून पडते आणि पांढुरक्या पुंकेसरांचा छोटा गोंडा उरतो. काही दिवसांत तोही गळतो आणि झाडाखालची जमीन त्या तंतूंनी झाकली जाते. या काळात फुललेल्या झाडाखाली माणसाने बोलणे थांबवले की वर चाललेली गुणगुण स्पष्ट ऐकू येते. कड्यांवर पोळी लावणारी आग्या, खोडांच्या ढोलीत राहणारी सातेरी, उघड्या फांदीवर एकच पोळे लावणारी फुलोरी आणि इवलीशी कोती या चारही मधमाश्या जांभळावर येतात. महाबळेश्वरचा जांभूळ मध याच फुलोऱ्याचा. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मधपेट्या वाटणारी योजना आणि रोपे वाटणारी योजना यांची एकमेकींशी गाठ घालून द्यायला हवी, कारण झाडावाचून पेटी रिकामीच राहते.

फळांच्या दिवसांत झाड दिवसरात्र जागे असते. दिवसा कोकीळ, बुलबुल, तांबट, मैना, कोकणात आणि घाटात धनेश. वानरे आणि माकडे येतात, ती खातात त्याहून जास्त खाली सांडतात, आणि सांडलेल्यावर भेकर, रानडुक्कर, साळिंदर, जिथे आहे तिथे अस्वलही पोट भरते. रात्री वटवाघळे येतात. ती फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जाऊन बसतात, रस चोखतात आणि बी तिथे टाकतात. उदमांजराची पद्धत वेगळी. ते फळ सबंध गिळते आणि शेताच्या बांधावर, उघड्या खडकावर, पायवाटेच्या कडेला विष्ठा टाकते. जूनच्या शेवटी पावसाने धुतलेली अशी विष्ठा पाहिली, तर ती जवळजवळ निव्वळ जांभळाच्या बियांची असते. गर निघालेला, बी अखंड, आणि अनेकदा कोंब फुटलेला. आपल्या रोपवाटिकेत मजूर लावून जे काम करून घ्यावे लागते, ते हा प्राणी एका रात्रीत पार पाडतो.

वटवाघळांविषयी दोन शब्द वेगळे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये फळे खाणाऱ्या वटवाघळांची गणना अनेक दशके उपद्रवी प्राण्यांत होत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली. तरीही वटवाघळे येतात म्हणून झाड छाटण्याचे अर्ज आपल्या कार्यालयांत येत असतील. त्या अर्जांना उत्तर देताना या प्राण्याचे काम काय आहे हे अर्जदाराला दोन ओळींत कळवावे, एवढी विनंती आहे.

राज्याची मानचिन्हे आठवली तर हा विषय आणखी जवळचा वाटेल. राज्यप्राणी शेकरू झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरून प्रवास करतो, जमिनीवर क्वचितच उतरतो आणि पानाकाड्यांचे गोल घरटे उंच, दाट फांद्यांत बांधतो. त्याच्यासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. दोन झाडांच्या शेंड्यांमध्ये मोठी फट पडली की त्याचे जंगल तिथेच संपते, मग नकाशावर ते पुढे कितीही पसरलेले असो. राज्यपक्षी हरियाल मुख्यतः वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतो, पण त्याची वीण मार्च ते जून या काळात होते आणि त्या वेळी घरटे लपवायला पाने असलेले झाड त्याला लागते. राज्यवृक्ष आंबा स्वतः सदाहरित आहे. २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या राणी पाखराची (ब्लू मॉर्मनची) अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, आणि माकडलिंबू हे त्यातले सदाहरित जंगलाच्या सावलीत वाढणारे छोटे झाड. ही चिन्हे जगवायची, तर त्यांच्या घराची रोपे कोणीतरी पिशवीत वाढवली पाहिजेत.

इथे एक शंका येऊ शकते : सदाहरितच हवे असेल, तर नीलगिरी, सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळही वर्षभर हिरवीच असतात, आणि ती वेगाने वाढतात. ती हिरवी असतात हे खरे. पण इथल्या अळ्यांना त्यांची बहुतेक पाने खाता येत नाहीत, इथल्या धनेशाला आणि उदमांजराला त्यांच्यावर गरदार फळ मिळत नाही आणि अळ्या कमी म्हणून पिलांना भरवायला किडेही कमी. गिरिपुष्पाच्या फुलांवर शिंजीर येतात, मधमाश्या येतात, हे मी नाकारत नाही. शेताच्या बांधावर हिरवळीचे खत म्हणून त्याचा उपयोगही मोठा आहे. मात्र डोंगर उतारावर केवळ त्याचीच लागवड केली, तर वर्षातले काही आठवडे सोडले तर तिथे वन्यजीवांना फारसे काही मिळत नाही. झाड हिरवे आहे एवढ्यावर समाधान न मानता त्यावर कोण जगते हे विचारले पाहिजे.

आता रोपवाटिकेकडे वळते, कारण माझे मुख्य मागणे तिथलेच आहे. जांभळाचे रोप करणे अवघड मुळीच नाही. फक्त ते जूनमध्येच करावे लागते. पूर्ण पिकून गळलेली फळे गोळा करावीत, हाताने चोळून गर काढावा, बी स्वच्छ पाण्यात धुवावे आणि उन्हात न घालता त्याच दिवशी किंवा फार तर आठवड्याभरात पेरावे. लांब न्यायचे असेल तर ओल्या गोणपाटात किंवा दमट कोकोपीटमध्ये ठेवून न्यावे. बी बोटाच्या एका पेराहून खोल जाऊ नये. एकाच बीतून आलेल्या कोंबांपैकी जोमदार तो ठेवून बाकीचे लहानपणीच वेगळे करावेत किंवा खुडावेत. पहिले काही महिने हिरव्या जाळीची सावली लागते, नंतर ती टप्प्याटप्प्याने कमी करावी.

सर्वांत जास्त काळजी मुळाची घ्यावी लागते. जांभळाचे सोटमूळ वरच्या रोपापेक्षा घाईने वाढते. लहान पिशवीत ते तळाला टेकते, वळते आणि गोल गोल फिरू लागते. असे रोप खड्ड्यात लावल्यावर पहिले वर्ष ठीक दिसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात, मूळ खालच्या ओलीपर्यंत पोहोचू न शकल्याने, उभे वाळते. पाहणीच्या अहवालात त्याची नोंद पाण्याअभावी मेले अशी होते. त्याला मारले ते पिशवीने. म्हणून उंच पिशव्या किंवा बाजूंना उभ्या रेषा असलेले, मुळाला सरळ खाली नेणारे उंच कप म्हणजे रूट ट्रेनर वापरावेत आणि रोप दोन पावसाळे वाढवून, कमरेएवढे झाल्यावर लावावे. यासाठी जागा आणि पाणी जास्त लागते व प्रत्येक रोपाचा खर्चही वाढतो, हे मान्य आहे. पण लावलेल्या रोपांऐवजी जगलेल्या रोपांवर खर्च मोजला, तर हिशेब या पद्धतीच्याच बाजूने जाईल, याविषयी मला शंका नाही.

बी कुठून घ्यायचे हेही महत्त्वाचे आहे. पालघरच्या बहाडोली जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या कलमांना मागणी आहे, हे शेतकऱ्यांसाठी चांगलेच झाले. परंतु कलम हे बागेसाठी असते. ते बुटके ठेवले जाते, फळ टपोरे असते आणि एका मातृवृक्षापासून केलेली सारी कलमे गुणधर्माने एकसारखी असतात. वन्यजीवांसाठी लावायचे तर बियांपासून वाढलेले, बारीक फळाचे रानजांभूळच हवे. ते उंच जाते, आणि त्याचे फळ बुलबुलाच्या चोचीतही मावते. बीसुद्धा एकाच झाडाखालून पोतेभर न घेता त्या परिसरातल्या बऱ्याच झाडांखालून थोडे थोडे घ्यावे. आपल्या देवराया ही अशा मातृवृक्षांची सर्वांत विश्वासू ठिकाणे आहेत. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचे महत्त्व शासनाला ठाऊक आहे. गावकऱ्यांच्या संमतीने, देवराईचा रिवाज पाळून आणि प्राण्यांचा वाटा झाडाखाली ठेवून तिथून बी घेता येईल.

लागवडीच्या जागेबाबत माझे मत ठाम आहे. जांभूळ ओढ्याकाठी, नाल्याकाठी, पाझर तलावांच्या खालच्या बाजूला, विहिरींजवळ आणि जुन्या जंगलांच्या तुटलेल्या दुव्यांमध्ये लावावे. दोन जंगलांना जोडणारी ओढ्याकाठची पट्टी भरून काढणे हे शेकरूसाठी आणि धनेशासाठी मोकळ्या डोंगरावरच्या हजारो खड्ड्यांपेक्षा मोलाचे आहे. आणि कातळसड्यांवर व माळरानांवर कोणतेही झाड लावू नये, जांभूळही नाही. कासच्या पठारावर फुलणारी वनस्पती, माळावरचा तणमोर, लांडगा, चिंकारा यांना उघडी जमीनच लागते. तिथे खड्डे खणणे म्हणजे एका अधिवासाच्या नावाखाली दुसरा मोडणे. मोकळी दिसते ती प्रत्येक जमीन लागवडीसाठी रिकामी असते, हा समज उद्दिष्टांच्या घाईत फार पसरला आहे.

शहरांच्या उद्यान विभागांची अडचण मला कळते. जांभळाचा सडा रस्त्यावर पडतो, डाग पडतात, दुचाकी घसरतात, आणि वादळात फांद्याही मोडतात. म्हणून वाहत्या रस्त्याच्या कडेला ते लावू नये, हे बरोबरच आहे. तिथे बकुळ लावता येईल : सदाहरित, स्थानिक आणि आटोपशीर. जांभळासाठी शहरांत उद्याने, नाल्यांचे काठ, शाळा-महाविद्यालयांची मैदाने, टेकड्यांचे पायथे अशा पुष्कळ जागा आहेत.

उभ्या असलेल्या झाडांचा प्रश्नही याच पत्रात मांडणे भाग आहे. धनेशाला घरट्यासाठी ढोली लागते, सातेरीलाही ढोलीच लागते, आणि ढोली पडायला झाडाने म्हातारे व्हावे लागते. सीतेची वेणीसारखी ऑर्किडेही आंब्या-जांभळाच्या जुन्या, खडबडीत सालीवरच रुजतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली. अट स्वागतार्ह आहे. परंतु साठ वर्षांच्या जांभळाच्या बदल्यात साठ गुलमोहोर लावले, तर संख्या जुळते आणि धनेश, मधमाशी, उदमांजर यांच्या वाट्याला काहीच येत नाही. भरपाईची झाडे तोडलेल्या झाडाच्याच जातीची, किंवा किमान त्याच परिसरातली स्थानिक असावीत, असे वृक्ष प्राधिकरणांनी प्रत्येक परवानगीत लिहून घ्यावे.

आपल्याकडून पुढील गोष्टी व्हाव्यात, अशी नम्र विनंती आहे. जून महिन्यात ताजे बी गोळा करून लगेच पेरण्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या रोपवाटिकेला आगाऊ मंजुरी आणि थोडा रोख निधी द्यावा, म्हणजे बी हातात असताना फाइलची वाट पाहावी लागणार नाही. बी वेचण्याचे आणि रोपे वाढवण्याचे काम गावातल्या महिला बचत गटांना द्यावे, कारण कोणते जांभूळ केव्हा पिकते हे त्यांना आधीच माहीत असते. रोपांच्या वार्षिक उद्दिष्टात स्थानिक सदाहरित जातींचा वाटा स्पष्ट लिहावा आणि त्यांच्यासाठी एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा कालावधी धरावा. लागवडीनंतर निदान तीन उन्हाळे पाणी, आळे आणि गुरांपासून कुंपण यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी. आणि प्रत्येक रोपवाटिकेने कोणत्या जातीची किती रोपे केली, बी कुठल्या झाडांचे होते, याची यादी फलकावर लावावी, जेणेकरून नागरिकांना ती पाहता येईल, विचारता येईल आणि बी गोळा करायला हातही लावता येईल.

येत्या ज्येष्ठापूर्वी यातली निदान पहिली मागणी मान्य व्हावी. त्यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपली विश्वासू,
स्थानिक झाडांची रोपे वाढवणारी एक नागरिक